चाकं आपल्याच घरावर

भाऊ, तुझ्या तेराव्याला आलेल्या सगळ्यांनी तुझ्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. खुर्च्या कमी पडल्या इतकी माणसं आली. सरपंच बोलले, तुझ्या वर्गातले दोघं बोलले, आपल्या शाळेचे आताचे हेडमास्तर तर तुला कधी भेटलेही नव्हते, तेही दहा मिनिटं बोलले. आता मांडव उतरला आहे. वहिनी केव्हाच बंगळुरूला परत गेली. माय आत पडली आहे. तेव्हा आता मी बोलते. या वेळी ‘मीटिंगमध्ये आहे, सिंधू, नंतर करतो’ म्हणून तुला फोन ठेवता यायचा नाही.

माझ्या देवपूरच्या शाळेतल्या कमलबाई मुद्दाम धुळ्याहून बस बदलत आल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “बाई, तुमना भाऊ देवमाणूस व्हता.” मी मान हलवली. तेराव्याच्या दिवशी खरं बोलू नये एवढं मला कळतं. पण देवमाणूस असणं सोपं असतं, भाऊ. त्याच्या घरात राहणं अवघड असतं.

तुझं काम काय होतं हे तेराव्याला कोणालाच नीट सांगता आलं नाही. कोणी म्हणालं विमान बनवायचा, कोणी म्हणालं उडवायचा. मला सांगता आलं असतं, कारण तू ते मला पंचवीस वेळा समजावलं होतंस, त्यातलं निम्मं जेवणाच्या ताटावर पापड ठेवून. विमान उतरताना पायऱ्या उतरावं तसं येतं. थोडं खाली, मग सपाट, परत थोडं खाली. सपाट चालायला इंजिनाला जोर लावावा लागतो आणि तोच जोर खालच्या माणसांच्या डोक्यावर आदळतो. तुझं म्हणणं, पायऱ्या कशाला? उंचावरूनच इंजिन मंद करायचं आणि एका उतारात घसरत यायचं. त्यासाठी तुमच्या बंगळुरूच्या संस्थेने वैमानिकासमोर संगणकाचा एक पडदा बसवला. वारा किती, वजन किती, उंची किती, हे बघून तो पडदा सांगतो की आता जोर कमी कर, आता पंखाच्या झडपा उघड, आता चाकं काढ. वैमानिकाने अंदाजाने करायचं ते पडद्याने नेमकं करून द्यायचं. एवढ्यासाठी तू केस पांढरे केलेस. काम चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही.

आवाज टिपणाऱ्या तुझ्या कानाची सुरुवातही मी पाहिली आहे. धुळ्यात, देवपूरला, आपण दोघं एका खोलीत राहायचो, तू कॉलेजला आणि मी बारावीला. धुळ्याच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं घिरट्या घालायची आणि तू मला गच्चीवर नेऊन डोळे मिटायला लावायचास. “ऐक. आता यानं जोर काढला. आता वळला. आता घाबरला, परत जोर लावला.” मी म्हणायचे, मला नुसतं घुंघुं ऐकू येतं. आठ दिवसांनी मला ते सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागलं. आवाजातून माणूस ओळखता येतो हे मला तू शिकवलंस. पुढे वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना कोणता पोरगा काय करतोय हे मला कळायचं, ते त्या गच्चीमुळे.

आणि डी.एड.चा फॉर्म. तो तू मला न विचारता भरलास. मला बी.ए. करायचं होतं. तू फोटो चिकटवलास, माझी सही केलीस, आणि यादीत नाव लागल्यावर मला सांगितलंस. मी दोन दिवस जेवले नाही. मग आयुष्यभर त्याच नोकरीवर जेवले, आणि चांगली जेवले. म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही, आणि तीच माझी चूक झाली. न विचारता केलेलं चांगलं निघालं की माणसाला ती सवय लागते.

मायचे डोळे गेले तेव्हाही तू असंच ठरवलंस. काचबिंदू कळला तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांकडून बाहेर आलो आणि तू म्हणालास, “तू आहेस ना इथे.” प्रश्न नव्हता तो. मी देवपूरला होते, इथे नव्हते. माझी नोकरीची सहा वर्षं बाकी होती. पण तू ‘इथे’ म्हणालास आणि मी इथे झाले. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मळ्यातल्या घरात येऊन राहिले. चारी बाजूंनी केळी, एका अंगाला कपाशी आणि मध्ये आम्ही दोघी.

आंधळी माय कशी जगते हे तुला माहीत नव्हतं, भाऊ. तू यायचास चार दिवसांसाठी, तिच्यापाशी बसून राहायचास, तिला उठूच द्यायचा नाहीस. मी बघत होते. ती कानांवर घर चालवते. पिंप भरत आलं की नळाचा आवाज बारीक होतो, त्यावर उठून नळ बंद करते. दूध कधी वर येतं ते तिला माझ्याआधी कळतं. दाराबाहेर आली की क्षणभर थांबते, केळीची पानं कुठल्या बाजूला सळसळतायत ते ऐकते, त्यावरून तोंड वळवते आणि बरोबर मोरीकडे जाते. वारा नसला तर मला हाक मारते. एवढंच तिचं परावलंबन होतं. ऐंशीच्या पुढची बाई स्वतःच्या हाताने भाकरी थापत होती.

विमानांचा तिला त्रास नव्हता. इथला, जळगावचा, विमानतळ काही फार मोठा नाही, दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच विमानं येतात. दुपारचं मोठं विमान यायचं ते लांबून घरघरत यायचं. पलीकडच्या शिवारात असतानाच मायला कळायचं. “आलं वं,” म्हणायची, हातातलं ठेवायची आणि असेल तिथे बसून घ्यायची. डोक्यावरून जाईपर्यंत तिला बाकी काही ऐकू यायचं नाही, म्हणजे तेवढा वेळ ती खरी आंधळी. पण ती बसलेली असायची. विमान गेलं की उठायची. आमच्या घरात ही गोष्ट बोलण्याइतकी मोठीही नव्हती, म्हणून तुला कोणी सांगितली नाही.

मग तुझं विमान आलं. म्हणजे विमान तेच, पडदा तुझा. तुमच्या संस्थेला चाचणीसाठी कमी वर्दळीचा विमानतळ हवा होता आणि तू आपला सुचवलास. केळीच्या बागेत तीन पायांच्या तिकाटण्यावर माइक लावून तू आठवडाभर उन्हात बसलास. गावाने तुझा सत्कार केला. चाचणी सुरू झाली आणि खरंच, पंचक्रोशी गप्प झाली. पलीकडच्या गावातले लोक म्हणायला लागले की विमान येणं बंद झालं का. जळगावच्या त्या अंगाच्या कॉलन्यांमधून तुला आभाराचे फोन आले. तू मला एकेक वाचून दाखवत होतास.

फक्त एक गोष्ट तुला टाळता येत नव्हती. कितीही घसरत आलं तरी धावपट्टीच्या थोडं अलीकडे विमानाला चाकं काढावी लागतात आणि इंजिनाला परत जोर द्यावा लागतो, नाहीतर ते सुरक्षित उतरत नाही. तेवढा आवाज होणारच. आधी तो कुठेही व्हायचा, ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे. तुझ्या पडद्याने सगळ्यांना एक शिस्त लावली. आता चाकं रोज एकाच जागी बाहेर येतात. त्या जागेला तुम्ही नकाशावर ठिपका दिलात. तो ठिपका आपल्या घरावर आहे.

मला हे आकाशाकडे बघून कळलं. दुपारी धुणं वाळत घालत होते. काहीही आवाज नाही, पानसुद्धा हलत नव्हतं, आणि एकदम डोक्यावर छत कोसळावं तसं झालं. वर बघितलं तर विमानाच्या पोटातून चाकं बाहेर येत होती. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी तिथेच. मी तुला फोन केला तेव्हा तू किती खूश झालास. “दिसली ना? अगदी घरावर? म्हणजे चूक दहा-वीस मीटरची पण नाही.” मी चिडले आहे हे तुझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

माय पडली ती चाचणीच्या पहिल्याच थंडीत. ओट्यावरून दोन पायऱ्या उतरून तांब्या घेऊन नळाकडे निघाली होती. विमान घसरत आलं, न बोलता, तुला हवं तसं. पायऱ्यांच्या मधोमध असताना वर चाकं निघाली. तिला काही ऐकू येईना, ती घाबरून वळली आणि पाय चुकला. मी आतून ओरडत होते, “हलू नको, हलू नको.” माझी हाक तिच्यापर्यंत गेलीच नाही. खुबा मोडला.

दवाखान्याच्या जिन्यात आपण भांडलो ते शेवटचं. मला सगळं शब्दन्‌शब्द आठवतं, तुलाही आठवत असणार.

“सिंधू, एकूण आवाज कमी झालाय. मोजून सांगतो.”

“एकूण कोण राहतं? मला त्या एकूणचं घर दाखव.”

“पूर्वी तुमच्या घरावर जेवढा होता तेवढाच आहे. वाढला नाही.”

“पूर्वी तो सांगून यायचा. तू त्याची हाळी काढून घेतलीस आणि धक्का तेवढा ठेवलास. तुझ्या यंत्राला आवाज किती ते कळतं, केव्हा ते कळत नाही.”

 मला वाटलं, समजलं. आता म्हणशील, हलवतो ठिपका. पण तू भिंतीकडे बघत म्हणालास, “आता हलवला तर लोक म्हणतील, स्वतःच्या घरावरून काढला.”

त्या क्षणी मला तू दिसलाच नाहीस. वडील दिसले, आपले आबा. आबा सरपंच असताना गावात पाण्याचा पहिला सार्वजनिक नळ आला, तो त्यांनी गावातल्या आपल्या दारापासून सगळ्यात लांबच्या टोकाला बसवला. का, तर सरपंचाने स्वतःची सोय बघितली असं कोणी म्हणू नये. आबांचं नाव झालं. हंडा मायच्या डोक्यावर राहिला, आणि नंतर कळशी माझ्या. तू पोरगा, तुला ते ओझं कधी आलं नाही. तुला त्यातलं फक्त नाव दिसलं. आपल्या घरातल्या पुरुषांचा प्रामाणिकपणा नेहमी बायकांच्या मानेवर उभा राहिलेला आहे. मी जिन्यात हे सगळं तुला सुनावलं. तू म्हणालास, आबांना मध्ये आणू नकोस. मी म्हणाले, मग तू जा. तू गेलास, तिसऱ्या दिवशी. त्यानंतर सात महिने आपण बोललो नाही. मायला तू फोन करायचास तेव्हा मी फोन तिच्या कानाला लावून बाहेर जाऊन उभी राहायचे.

मग तुमच्या ऑफिसातून वैदेहीचा फोन आला. तुझ्या हाताखाली काम करणारी ही मुलगी कोण हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. ती नुसती “सर, सर” करत रडत होती आणि मला आधी वाटलं, कोणीतरी चुकीचा नंबर लावलाय. तू पायऱ्या चढताना बसलास आणि उठला नाहीस. मी मायला कसं सांगितलं हे विचारू नकोस.

वैदेही तेराव्यानंतर चार दिवसांनी आली, एकटी. बेळगावची मुलगी, कानडी वळणाची मराठी, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणारी. मी तिला चहा दिला आणि तिने पिशवीतून कागद काढले. चाचणी संपत आली आहे, म्हणाली. पडद्यात जे बसवलंय ते आता कायमचं होईल. ठिपक्याखालच्या घराचं म्हणणं लिहायचा एक रकाना होता. तिथे तुझ्या अक्षरात ‘हरकत नाही’ लिहिलेलं होतं.

“सही नाहीये,” ती म्हणाली. “सरांनी लिहिलं, पण सही कोणाचीच घेतली नाही. मला ते तसं पुढे पाठवता येईना. मावशी, तुम्हाला कसं हवंय?”

 इतके महिने, भाऊ, माझ्याकडे उत्तरांचा ढीग होता, सगळी तुझ्या तोंडावर मारायची. पण कोणी असं साधं विचारल्यावर त्यातलं एकही चालेना. मी तिलाच विचारलं, ठिपका दुसरीकडे कुठे जाऊ शकतो? तिने नकाशावर बोट ठेवलं. विमानाची वाट तीच. हलवायचा तर एकाच दिशेला, थोडा अलीकडे, म्हणजे विमान येतं त्या बाजूला. तिथे केळी कापणाऱ्या मजुरांची वस्ती आहे, यावलकडून सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबांची, कुडाची दहा-बारा घरं. आपलं घर नाही तर ती वस्ती. तिसरी जागा नाही.

हे तू मला जिन्यात सांगितलं नाहीस. ‘लोक म्हणतील’ एवढंच सांगितलंस. खरं कारण पोटात ठेवून खोटं कारण पुढे करणं ही कुठली रीत? वस्तीचं बोलला असतास तर मी भांडले असते, पण तुला आबा म्हटलं नसतं.

मी असं काहीतरी मोठ्याने बोलत होते आणि आतून मायचा आवाज आला.

“त्याले नको बोलू. मीच सांगलं व्हतं त्याले.”

ती वॉकर सरकवत दारात आली. वैदेही उठून उभी राहिली. माय म्हणाली, “त्यानं मले पह्यलेच इचारलं. माय, आठी ठेवू का तठी? मी म्हनलं, आठी ठेव. त्या बाया पाहाटी केयी कापाले जातात. दुपारी लेकरं निजतात तव्हा त्याह्यची पाठ टेकते. मले काय काम हाये?”

“आणि पडल्यावर?” मी विचारलं.

“पडल्यावर बी इचारलं. दवाखान्यात. तू खाली औषधं आनाले गेल्ती. मी म्हनलं, राहू दे.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुले सांगलं असतं तं तू भांडली असती.”

वैदेही खाली बघत होती. मी कागद तिच्या हातात दिले, म्हणाले उद्या ये, आणि मागच्या दाराने बागेत निघून गेले. तुम्हा दोघांचा मला इतका राग आला होता की केळीच्या दोन पानांच्या मी उभ्या चिंध्या केल्या. तू मायला विचारलंस, कारण तिचं उत्तर तुला ठाऊक होतं. त्या बाईने जन्मात कधी ‘मला नको’ म्हटलेलं नाही. मला विचारलं नाहीस, कारण माझंही उत्तर तुला ठाऊक होतं. रोज दुपारी तिचा हात धरून बसणारी मी. रात्री तिचा पाय शेकणारी मी. तुम्ही दोघांनी परस्पर दान केलंत आणि ते उचलून नेण्याचं काम मला लावलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेले. इतक्या जवळ राहून कधी गेले नव्हते, हेही आता कबूल करते. जमुना म्हणून एक बाई आहे, आपल्याच बागेत घड कापायला येते. तिच्या दारात बसून मी सगळं सांगितलं. विमान, ठिपका, माय, लेकरांची झोप. बाकीच्या दोघी-तिघी जमल्या. मग जमुना हसली.

“लेकरू इमानानं नही उठत, बाई. माय उठली का उठतं. पह्यले येत व्हतं ना ते इमान घरघर करत? तव्हा बी निजत व्हती.”

“म्हणजे आवाज आला तर चालेल?”

“लय मोठा नको. पह्यल्यासारखा चालंल.” आणि मग, उठता उठता, “आमाले कोनी इचारलंच नही.”

ऐकलंस, भाऊ? ज्यांच्या झोपेसाठी तू मायचा खुबा मोडलास, त्यांना तू विचारलंच नव्हतंस. आठवडाभर माइक लावून बसलास. पाचशे पावलांवर बायका होत्या, त्यांच्या दारात एकदा बसला नाहीस. मला खात्री आहे, तुझं मन साफ होतं. त्यानेच जास्त चीड येते. वाईट माणूस असतास तर मी तुला केव्हाच विसरून गेले असते.

आपल्या घरात विचारणं म्हणजे मागणं. आणि मागायचं नाही, हे आबांनी घरात असं रुजवलं की पाहुण्यांकडे गेले तरी पाणी मी घरी येऊनच पिते. माय तुला कधी म्हणाली नाही की ठिपका हलव. तू मला कधी म्हणाला नाहीस की माझी अडचण झालीय, सिंधू, काय करू. आणि मी सात महिने फोन मायच्या कानाला लावत राहिले, एकदाही ‘ये’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू आला असतास. हे मला माहीत आहे आणि ते माझ्याजवळ राहील, तुझ्यावर ढकलता येणार नाही.

वैदेही आली तेव्हा मी तिला सांगितलं, ठिपका हलवू नकोस. चाकं इथेच निघू देत. पण इंजिनाचा जोर असा एकदम देऊ नका. विमान वस्तीवर येण्याच्याही आधीपासून थोडा थोडा वाढवत आणा, म्हणजे मायला लांबून कळेल. मला थोडा आवाज परत हवाय.  ती म्हणाली, लोक आम्हाला आवाज कमी करा म्हणतात, वाढवा असं पहिल्यांदाच ऐकतेय. मग वहीत काहीतरी आकडेमोड केली, बंगळुरूला दोन फोन केले. होईल, म्हणाली. पडद्याला जोराची वेळ थोडी आधीची सांगायची. सुरक्षिततेला उलट बरंच आहे. पण मग तिने वही मिटली.

“मावशी, सरांचा जो शेवटचा निकाल आहे ना, तो बिघडेल. सगळ्यात शांत उतरणं म्हणून त्यांच्या नावाने जे जाणार होतं, ते नंतर सगळ्यात शांत राहणार नाही. दुसऱ्या एका गटाचं पुढे जाईल.”

मी विचारलं, किती बिघडेल? तिने दोन बोटांत चिमूटभर अंतर दाखवलं. त्या चिमटीत तुझी तीस वर्षं असतील, मला कल्पना आहे. मी रकान्यातलं तुझं ‘हरकत नाही’ खोडलं, खाली हरकत लिहिली, वस्तीवरच्या जमुनाचा अंगठा घेतला होता तो जोडला आणि सही केली. तुझं नाव एका पायरीने खाली आणलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, भाऊ. तू नाहीस याचं वाटतं, आणि ते मी अजून कोणापाशी बोललेले नाही. तेराव्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून बायका कुजबुजल्या. येऊ दे त्यांना म्हणावं सात महिन्यांनी, तेव्हा बघू.

परवापासून नवं सुरू झालं. माय ओट्यावर मेथी निवडत बसली होती. बारीक घरघर सुरू झाली, पार कपाशीपलीकडून, आणि हळूहळू मोठी होत आली. तिने मेथीची जुडी मांडीवर ठेवली आणि मान वर केली. विमान गेलं, चाकं निघाली, मी तिच्याकडे बघत होते. ती घाबरली नव्हती. मांडीवरची जुडी पुन्हा उचलली आणि मला म्हणाली, “आज येगळं आलं. हे भाऊनं करून ठेवलं व्हतं का वं?”

 खरं सांगायचं तर हे करण्यासाठी मी तुझं अक्षर खोडलं होतं. हे तू केलं नव्हतंस, करणारही नव्हतास. तिच्या हातातली मेथी थांबली होती आणि तोंड माझ्याकडे वळलेलं होतं.

मी म्हणाले, “हो, माय. त्यानंच.”